शेवटची सही

कार्यालयातल्या एकुलत्या एका संगणकावर मेलचा प्रोग्रॅम उघडला की आधी त्याचं निळं चित्र यायचं, मग एक रिकामी पांढरी चौकट. माउसच्या बाणाचं वाळूचं घड्याळ व्हायचं आणि सगळं तिथेच थांबायचं. पाच मिनिटं थांबा नाहीतर अर्धा तास थांबा, पुढे काही होत नसे. तीन बटणं एकदम दाबली की चालू प्रोग्रॅमची यादी दिसे, आणि तिच्यात मेलच्या नावापुढे तो प्रतिसाद देत नसल्याचा इंग्रजी शेरा असे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी सव्वानऊला हे पहिल्यांदा दिसलं. शनिवारी दुपारी ते संपलं. मधल्या साडेतीन दिवसांत त्या दोन खोल्यांत जे घडलं त्याची मला अजून किळस येते. त्यातला काही भाग माझ्या स्वतःच्या हस्ताक्षरात आहे.

काळ नव्वदच्या दशकाच्या अखेरचा. पुण्याहून निघणाऱ्या एका दैनिकाचं हे नगरचं जिल्हा कार्यालय, माळीवाड्याच्या एसटी स्टँडपासून चालत सात मिनिटांवर, एका सायकलच्या दुकानाच्या वर. माणसं चार. ब्युरो प्रमुख, ज्यांना सगळे साहेब म्हणत. मी वार्ताहर. एक संगणक ऑपरेटर, बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, मूळची श्रीगोंद्याकडची, वडील साखर कारखान्यात कामगार, नगरला मावशीकडे राहून नोकरी करणारी. आणि शिपाई, साठीकडे झुकलेले, त्यांना सगळे चाचा म्हणत. पूर्वी आमच्या बातम्या फॅक्सने आणि फोटो एसटीच्या पाकिटातून पुण्याला जात. वर्षभरापूर्वी संगणक आला, मागोमाग मोडेम आणि स्कॅनर आले, आणि दोन्ही मेलने जाऊ लागलं. ऑपरेटरही त्यांच्याबरोबरच आली. ती तात्पुरती होती. तिला कायम करण्याचा कागद दिवाळीनंतर पुण्याहून यायचा होता, आणि तो साहेबांच्या अभिप्रायावर अवलंबून होता. हे चौघांनाही माहीत होतं.

संगणकाच्या आतल्या खोलीत चपला घालून जायचं नाही असा नियम होता. दाराबाहेर चपलांची रांग असे. आत मात्र खिडकीच्या चौकटीत साहेबांच्या गुटख्याच्या पिंका वाळून तपकिरी झालेल्या असत, आणि की-बोर्ड उलटा करून आपटला की सुपारीचे तुकडे आणि शेव पडे. पायाची धूळ मशीनला चालत नाही, असं साहेब सांगत. तोंडातून काय चालतं याबद्दल नियम नव्हता.

दुसरा नियम नोंदवहीचा. संगणकाशेजारी दोरीने बांधलेलं एक लांबट रजिस्टर असे. पहिल्या पानावर साहेबांच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘यंत्रास हात लावणाऱ्या प्रत्येकाने वार, वेळ व काम लिहून सही करावी.’ खाली लाल शाईची रेघ. यातून कार्यालयात एक न लिहिलेला कायदा तयार झाला होता. मशीनला काही झालं की वही उघडायची आणि शेवटची सही पाहायची. ज्याची सही, त्याचा गुन्हा. एकदा प्रिंटरमध्ये पाल मेली होती, तेव्हाही वही उघडली गेली. त्या वेळी शेवटची सही माझी होती आणि पाल मी काढली.

साहेब स्वतः सही करत नसत. ते मशीनला हात लावत नाहीत असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. ऑपरेटरच्या मागे उभं राहून, तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, ते फक्त पाहत.

खंडेनवमी सोमवारी होती. त्या दिवशी हत्यारांची पूजा करतात; लोहाराकडे ऐरणीची, ड्रायव्हरकडे गाडीची, आणि आमच्याकडे संगणकाची. पूजा झाली की दसऱ्यापर्यंत यंत्र विश्रांतीला. तोपर्यंतच्या बातम्या फोनवरून सांगायच्या. ऑपरेटरने सकाळी साडेदहाला शेवटची बातमी पाठवली, मशीन बंद केलं, वहीत सही केली आणि ती निघाली. दसऱ्याच्या दिवशी त्यांच्याकडे धम्मचक्र प्रवर्तनाचा कार्यक्रम असतो. गावातल्या विहारात तिच्याकडे काही काम होतं, आणि तिने आठवडाभर आधी रजेचा अर्ज दिला होता.

“पूजेला थांबत नाहीस?” साहेबांनी विचारलं.

“अकराची गाडी हाय, सर. ती चुकली तर संध्याकाळीच.”

“कुंकू तरी लाव मशीनला. रोज हात तुझेच लागतात.”

“तुम्ही लावा, सर,” ती म्हणाली आणि हसून गेली.

साहेबांनी ते लक्षात ठेवलं. अकराला पूजा झाली. मॉनिटरवर कुंकवाची बोटं, कॅबिनेटवर झेंडू आणि अक्षता. नारळ उंबऱ्यावर फोडून साहेबांनी त्यातलं पाणी चार बोटांनी मशीनवरही शिंपडलं. फोटोग्राफर बोलावला होता. त्याने साहेबांचे हात जोडलेले फोटो काढले. बाराला मी निघालो.

बुधवारी सकाळी मी पोहोचलो तेव्हा ऑपरेटर मशीनसमोर उभी होती, बसलेली नव्हती. स्क्रीन निळा होता आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहून आलं होतं की मागच्या वेळी संगणक योग्य रीतीने बंद केला गेला नव्हता.

“मी तर नीट बंद करून गेल्ते,” ती म्हणाली.

तपासणी संपून संगणक सुरू झाला. बाकी सगळं चालत होतं. फक्त मेल उघडत नव्हती. तिने वहीत ते जसंच्या तसं लिहिलं: निळा स्क्रीन आला, मेल उघडत नाही. पुढे सही.

साहेब दहाला आले. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलंही नाही. वही उघडली.

“आजच्या आधी सोमवार, साडेदहा. शेवटची सही कुणाची?”

“माझी, सर. पण तेव्हा मेल चालू होती. मी पाठवली ना बातमी.”

“मग बिघडली कशी?”

“निळा स्क्रीन आला, म्हणजे कुणीतरी मधेच बंद केलंय. मेन स्विचवरून.”

“लाईट गेली असेल. वहीत तर तूच आहेस शेवटची. का भुतानं सही न करता वापरली?” साहेब माझ्याकडे पाहून हसले. मीही हसलो.

त्या दिवसापासून बातम्या पुन्हा हाताने लिहून फॅक्सने जाऊ लागल्या आणि फोटो एसटीच्या पाकिटात. फॅक्सवर निम्मी अक्षरं उडत. पुण्याच्या डेस्कवरून दर तासाला फोन येई आणि साहेब दर वेळी तेच उत्तर देत: “ऑपरेटरने काहीतरी केलंय. बघतोय.”

गुरुवारी मेकॅनिक आला. सावेडीला त्याचं दुकान होतं. टीव्ही, मिक्सर आणि अलीकडे संगणक. त्याने मेल उघडून पाहिलीच नाही. पेचकस काढला आणि कॅबिनेटचं झाकण उघडलं.

“आयला, लई घाण हाय साहेब.”

ती होती. पंख्यावर धुळीची जाड गोधडी बसली होती. तळाशी झुरळांचे पंख, पालीच्या अंड्याचं फुटकं टरफल, झेंडूची वाळलेली पाकळी, आणि फटींतून आत पडलेल्या, कुंकवाने लाल झालेल्या अक्षता. एका कोपऱ्यात नारळाच्या पाण्याचा चिकट डाग, आणि त्यावर मुंग्या. मेकॅनिकने मेमरीची पट्टी काढली, खोडरबराने घासली, मग बोटाला थुंकी लावून परत घासली. बनियनच्या फडक्याने पंखा पुसला. कचरा वर्तमानपत्रावर जमा केला, आणि ते वर्तमानपत्र आमचंच होतं. झाकण लावलं, मशीन चालू केलं. निळं चित्र, पांढरी चौकट, वाळूचं घड्याळ.

“मग व्हायरस,” तो म्हणाला. “सगळं पुसून नव्यानं टाकावं लागंल. फॉर्मॅट.”

“व्हायरस येतो कुठून?” साहेबांनी विचारलं.

“ऑपरेटर काय उघडतो, काय करतो, त्याच्यावर हाय.”

“ऐकलंस?” साहेब तिला म्हणाले.

“सर, फॉर्मॅट केलं तर सगळंच जाईल. काय झालं होतं तेबी कळणार न्हाई.”

“कळून काय करायचंय? मशीन चालू झाल्याशी मतलब.”

शनिवारी दुपारी एकला फॉर्मॅट करायचं ठरलं. मेकॅनिक गेल्यावर साहेबांनी मला बाहेरच्या खोलीत बोलावलं आणि आवाज खाली केला.

“पूजेच्या दिवशी मशीनला शेवटचं कोण शिवलं? आणि पूजेला थांबली नाही. कुंकू लावायला जड गेलं. आता हे मी कागदावर लिहू शकत नाही, पण तू समजून घे.”

मी समजून घेतलं. साहेब वीस वर्षं पत्रकारितेत होते आणि समतेवर लेख लिहीत. ‘शिवलं’ हा शब्द त्यांनी ज्या सहजतेने वापरला ती मला आजही ऐकू येते.

“पुण्याला अहवाल पाठवायचाय. तिच्या अभिप्रायाबरोबर जाईल. तुझी भाषा चांगली आहे, तू मसुदा कर. शनिवारच्या पाकिटात टाकू.”

मला नाही म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही, आणि त्याचं कारण भीती किंवा लोभ असं काही भारदस्त नव्हतं. मला चारला जिल्हा परिषदेच्या सभेला जायचं होतं आणि त्याआधी हे उरकायचं होतं. वीस मिनिटांत मी दीड पान लिहिलं. ‘नोंदवहीनुसार यंत्र शेवटी त्यांनीच हाताळल्याचे दिसून येते. सदर बिघाड हलगर्जीपणामुळे उद्भवल्याचे निदर्शनास आले आहे.’ कुणाला दिसून येते आणि कुणाच्या निदर्शनास आले, हे असल्या मजकुरात लिहावं लागत नाही. ते कसं टाळायचं हेच मी धंद्यात शिकलो होतो. साहेबांनी वाचलं, मान डोलावली आणि कागद ड्रॉवरमध्ये ठेवला.

ऑपरेटरला अहवालाची कल्पना होती. त्या कार्यालयात लपून काही राहत नसे. चाचांनी साहेबांना कागद ड्रॉवरमध्ये ठेवताना पाहिलं होतं आणि तिला सांगितलं होतं. शुक्रवारीही मेल सुरू नव्हती, त्यामुळे तिला काम नव्हतं. ती की-बोर्डची बटणं एकेक काढून, काडीला कापूस लावून पुसत बसली. साहेब जाता-येता म्हणत, “बरं चाललंय मॅडमचं. स्वच्छता अभियान.”

शनिवारी सकाळी साहेब सोनईला एका शाळेच्या इमारतीच्या उद्‌घाटनाला गेले. साडेबारापर्यंत येतो म्हणाले. त्यांची पाठ फिरताच ती माझ्या टेबलाशी आली. हातात एक चिठ्ठी होती. पुण्याच्या संगणक विभागातल्या एका माणसाचा नंबर, संगणक बसवायला तो आला होता तेव्हा त्याने दिलेला.

“सर, तुम्ही फोन धरा. वायर आतपर्यंत पोचत न्हाई. तो सांगेल ते मला सांगा, मी बटणं दाबते.”

“साहेबांना विचारलंस?”

“न्हाई.” ती माझ्याकडे पाहत राहिली. “एक वाजता सगळं पुसणार हायेत.”

मी फोन लावला. बाहेरच्या खोलीत मी, आतल्या खोलीत ती, आणि मधल्या दारात चाचा.

पुण्याचा माणूस शांत आवाजाचा होता. त्याने आधी सगळं ऐकून घेतलं, आणि कॅबिनेट उघडल्याचं कळल्यावर म्हणाला, “झाकणाचा याच्याशी काय संबंध? मोडेमची वायर काढा. मग मेल उघडा. बघू बाहेरून काही अडकतंय का.”

“मोडेमची वायर काढायला सांग,” मी ओरडलो.

“बेटी, वायर काढ म्हणतो,” चाचा आत म्हणाले.

“काढली.”

“काढली म्हणते.”

“उघडली का?”

“उघडली का गं?”

“तसंच. घड्याळ.”

“घड्याळच हाय म्हणावं त्याला,” चाचांनी मला सांगितलं. “तीन दिवस एकच टाइम.”

पुण्याचा माणूस म्हणाला, म्हणजे गडबड आतच आहे. मेल जिथे साठते त्या फोल्डरचं नाव बदला. नुसतं नाव, पुसू नका काही. प्रोग्रॅमला जुना साठा सापडला नाही की तो नवा रिकामा तयार करेल. मी सांगितलं, चाचांनी सांगितलं, आत बटणांचा आवाज आला.

“उघडली!”

तिचा आवाज मला थेट ऐकू आला. चाचांनी तरीही पुढे पोचवला. “उघडली म्हणते साहेब. रिकामी हाय, पण उघडली.”

“झालं तर,” पुण्याचा माणूस म्हणाला. “प्रोग्रॅम चांगला आहे, व्हायरस-बियरस नाही. साठवलेल्या मेलमध्ये काहीतरी बसलंय. आता जुन्या फाईली एकेक करून परत आणा. एक आणली की मेल बंद करा, उघडा. जिथे अडकेल ती फाईल धरा.”

यात पाऊण तास गेला. आलेल्या मेलची फाईल आणली, प्रोग्रॅम उघडला. पाठवलेल्या मेलची आणली, उघडला. तिसरी आउटबॉक्सची, म्हणजे जायची राहिलेली मेल जिथे थांबते ती. निळं चित्र, पांढरी चौकट, घड्याळ.

“सर, आत या,” ती म्हणाली.

मी फोन टेबलावर उताणा ठेवून आत गेलो. स्क्रीनवर फाईलींची यादी होती. आमच्या एका बातमीची मेल चार-पाच केबीची असे. आउटबॉक्सची फाईल तेहतीस एमबीची होती. तिने फाईलच्या ओळीवर बोट ठेवलं, काचेला न टेकवता. शेवटचा बदल: सोमवार, दुपारी ४.४७.

“सोमवारी पावणेपाचला मी श्रीगोंद्यात हुते,” ती म्हणाली. “विहारात पताका लावत.”

फाईल साध्या मजकुराच्या प्रोग्रॅममध्ये उघडायला दहा मिनिटं लागली. हजारो ओळी अर्थहीन अक्षरांच्या होत्या, पण अगदी वर सहा ओळी वाचता येत होत्या. कुणाकडून: कार्यालय. कुणाला: संपादक. विषयाच्या जागी इंग्रजी अक्षरांत ‘खंडेनवमी पूजा फोटो, अर्जंट’. फोटोचं नाव त्याच्याखाली.

पुण्याच्या माणसाला मी ते सांगितलं. तो म्हणाला, कुणीतरी स्कॅनरवर सगळ्यात मोठा आकडा निवडून फोटो काढलाय, लहान न करता तसाच मेलला जोडलाय. तेवढा मोठा फोटो तुमच्या लाईनवरून रात्रभरात गेला नसता. मध्येच मेन स्विच बंद केला असेल. आता प्रोग्रॅम उघडला की आधी तो फोटो गिळायला बघतो आणि गुदमरतो. “ती फाईल तेवढी बाजूला काढा. मेल चालू होईल.”

चाचा अजून दारात होते. ऑपरेटर उठली, स्कॅनरवरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढलं आणि झाकण उचललं. बुधवारपासून फोटो एसटीने जात होते. स्कॅनर कुणी उघडलाच नव्हता. काचेवर एक फोटो पालथा पडला होता. तिने तो सोडवून सरळ केला. साहेब, हात जोडलेले, डोळे मिटलेले. समोर कुंकू लावलेला मॉनिटर. मागच्या बाजूला फोटो लॅबची तारीख छापलेली होती. खंडेनवमीची.

“किल्ली तुमच्याकडं असते, चाचा,” ती म्हणाली.

चाचा चौकटीला टेकले. “साडेतीनला आले हुते. हातात फोटोचं पाकीट. मला म्हणाले, तू जा घरी, मी कुलूप लावतो. मी काय बोलू बेटी?” मग म्हणाले, “मला वाटलं तेच सांगतील.”

ते खोटं होतं. चाचांना तसं वाटलं नव्हतं. बुधवारी साहेबांनी भुताच्या सहीचा विनोद केला तेव्हा चाचा दारातच होते.

साहेब पावणेएकला आले. खांद्यावर सत्काराची शाल, हातात नारळ. पाठोपाठ मेकॅनिक, पिशवीत फ्लॉप्या घेऊन. ऑपरेटर खुर्चीत बसली होती आणि मेल चालू होती. तीन दिवसांची अडकलेली मेल एकामागून एक खाली उतरत होती. टेबलावर प्रिंटरमधून काढलेला कागद, फाईलची वेळ आणि त्या सहा ओळी. त्याच्यावर फोटो. शेजारी उघडी नोंदवही.

वहीत तिने एक ओळ लिहिली होती. वार: सोमवार. वेळ: दुपारी ४.४७. काम: फोटो स्कॅन व मेल. सहीची जागा रिकामी होती आणि तिथे पेन ठेवलं होतं.

साहेबांनी कागद वाचला. फोटो पाहिला. काही क्षण ते खरोखरच फोटो कसा आलाय हे पाहत असावेत असं मला वाटलं.

“चालू झाली ना मेल? मग झालं तर. एवढा गाजावाजा कशाला?”

“एक नोंद राहिली हुती, सर.”

“मी सही करत नसतो. नियम तुमच्यासाठी आहे.”

“पहिल्या पानावर ‘प्रत्येकाने’ लिहिलंय, सर. तुमचंच अक्षर हाय.”

“अगं, घरच्या माणसानं घरच्या वस्तूला हात लावला तर काय सही करायची?” त्यांनी मेकॅनिककडे पाहिलं. तो हसला नाही, पिशवीतल्या फ्लॉप्या पाहत राहिला. चाचा पुढे झाले आणि त्यांनी साहेबांच्या हातातला नारळ काढून घेतला, म्हणजे हात मोकळा झाला. मदत म्हणून की आणखी कशासाठी, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

खाली सायकलच्या दुकानात कुणीतरी ट्यूबमध्ये हवा भरत होतं. साहेबांनी पेन उचललं आणि सहीच्या रकान्यात लिहिलं: ‘पाहिले.’ खाली आद्याक्षरं, जशी कलेक्टर कचेरीत फाईलवर करतात. म्हणजे चूक दुसऱ्या कुणाची आणि हे तिची तपासणी करणारे अधिकारी. लिहून झाल्यावर त्यांना बरं वाटलेलं स्पष्ट दिसलं.

“मग फॉर्मॅट करायचं का न्हाई?” मेकॅनिकने विचारलं.

“नको,” ऑपरेटर म्हणाली. साहेबांनी तिच्यानंतर तेच सांगितलं, आदेशाच्या सुरात.

“सर, तो अहवाल,” ती म्हणाली.

“कुठला?”

“ड्रॉवरमधला.”

साहेबांनी आधी माझ्याकडे, मग चाचांकडे पाहिलं. मग ते मोठ्याने हसले, ड्रॉवर उघडला आणि तो कागद तिच्यापुढे धरला. “घे, तूच फाड. माझ्या मनात काही नव्हतं हं. वरून दबाव असतो.”

तिने फाडला नाही. उभ्याने वाचला, दीड पान, एकही ओळ न गाळता. पान उलटलं. मग मला विचारलं,

“अक्षर तुमचं हाय ना, सर?”

“हो.”

“भाषा चांगली हाय.”

तिने कागदाची चौपदरी घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. मला त्या वेळी काहीतरी म्हणता आलं असतं. साहेबांनी सांगितलं म्हणून, किंवा मला घाई होती म्हणून, किंवा चुकलो. यातलं पहिलं अर्धं खरं होतं, दुसरं पूर्ण खरं होतं. तिसरं म्हणायला मी त्या दिवशी तयार नव्हतो.

ती परत खुर्चीत बसली. साहेब शाल काढून खुंटीला लावत होते. पाठमोरेच म्हणाले, “तेवढा फोटो लहान करून पाठवता येईल का आता? दसरा गेला, पण आतल्या पानात टाकतील.”

“येईल,” ती म्हणाली.

तिने फोटो काचेवर ठेवला, लहान आकडा निवडला. मोडेमची किरकिर, मग शांतता, मग पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भरली. दोन मिनिटं लागली नाहीत. साहेब तिच्या मागे येऊन उभे राहिले होते, पण खुर्चीच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला नाही. पाठवून झाल्यावर तिने वही पुढे ओढली, वार, वेळ आणि काम लिहिलं. कामाच्या रकान्यात: साहेबांचा फोटो. पुढे आपली सही केली, स्वच्छ, पूर्ण नावाची.

फोटो मंगळवारी आतल्या पानात एक कॉलम छापून आला. त्याखालची ओळ पुण्याहून फोनवर मागितली गेली आणि ती मी सांगितली. तिला कायम केल्याचा कागद दिवाळीनंतर दहा दिवसांनी पोचला. तिने तो चाचांना दाखवला, मग साहेबांना. मला दाखवला नाही. पुढे दोन वर्षं मी तिथे होतो. माझ्या बातम्या तीच टाइप करायची, बिनचूक. ‘दिसून येते’ असा शब्द आला की तेवढ्यापुरती थांबायची आणि विचारायची, “कुणाला, सर?” मग मी नाव सांगायचो, किंवा ते वाक्य काढून टाकायला सांगायचो.